बिनपत्त्याचा नवस

चहा घ्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं ऐकण्यासारखा नाही. सांगण्यासारखा तर मुळीच नाही! पण आमचे शेजारी पोपटराव तो नगरभर सांगत सुटलेत, आणि त्यांच्या तोंडून ऐकाल तर मी आहे त्यापेक्षा जास्त येडा दिसतो. म्हणून म्हटलं, माझ्याच तोंडून ऐका. निदान थोडी अब्रू तरी वाचेल.

झालं असं की दिवाळीच्या आधी आमच्या मंदाचं, म्हणजे सौभाग्यवतींचं, ऑपरेशन झालं. पित्ताशयातले खडे. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका हो, रोजचं ऑपरेशन आहे." अहो, त्यांच्यासाठी रोजचं! माझी बायको काय रोज पोट उघडून घेते का?

ती आत गेली आणि मी व्हरांड्यात येरझाऱ्या सुरू केल्या. आमचा स्वभावच तसला. मला एका जागी बसवत नाही. कंपनीत मी माल तपासायच्या खात्यात आहे, तिथं साहेबांनी माझी खुर्ची उचलून दुसऱ्याला दिली. म्हणाले, "तुम्ही वापरतच नाही, उगाच जागा अडते."

तर अर्धा तास सांगितला होता, दीड तास झाला तरी दार उघडेना.  शेवटी भिंतीकडं तोंड केलं, हात जोडले आणि म्हणालो, "देवा, हिला सुखरूप बाहेर आण. मी चालत येईन!"

पाचव्या मिनिटाला दार उघडलं. मंदा सुखरूप, खडे डबीत. मी गहिवरलो.

चार दिवसांनी घरी दाढी करताना अचानक माझा हात थांबला. चालत येईन म्हटलं खरं. पण कुणाकडं?

देवाचं नावच घेतलं नव्हतं मी! बरं, ज्या भिंतीकडं तोंड केलं होतं तिथं एखादी तसबीर असती तरी निभावलं असतं. तिथं हात कसे धुवावेत याचं पोस्टर होतं.

आता मला सांगा, असला नवस फेडायचा कुठं? आपल्या जिल्ह्यात देवांची काय कमी आहे? शिर्डी आहे, शिंगणापूर आहे, मोहट्याची देवी आहे, मढीला कानिफनाथ आहेत, तिकडं सिद्धटेकला गणपती. कुणाला गेलो तरी बाकीचे म्हणणार, याला आम्ही नाही दिसलो का?

आणि सुट्टी किती? चार दिवस! दोन कंपनीच्या आणि दोन मी साहेबांपुढं नाक घासून मिळवलेल्या, त्याही थेट जानेवारीत. चार दिवसांत चालत जायचं आणि एसटीनं परत यायचं. म्हणजे देव असा निवडायला हवा की फार जवळही नको, नाहीतर नवसाची लाज जायची, आणि फार लांबही नको, नाहीतर नोकरी जायची.

दोन महिने मी घरात दुसरं काही बोललो नाही. हॉलच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला. चालायचे बूट आणले आणि ते पायाला रुळावेत म्हणून घरातच घालून फिरायला लागलो. सकाळी उठलो की मोहटा, जेवताना सिद्धटेक, झोपताना शिर्डी.

"अहो, ठरवा काहीतरी एकदा!" मंदा म्हणायची. "तुमच्या चालण्यानं खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या होत्या, तुमच्याकडं गिरणी टाकलीय का म्हणून."

पहिल्यांदा ठरलं मोहटा. पाथर्डीच्या बाजूनं. आमच्या खात्यातला कैलास म्हणाला, "साहेब, पहिला मुक्काम आमच्या मामांकडं करा. पिंपळगावात. शाळेजवळ घर, दारात कडुलिंब. कुणालाही विचारा, मामांचं घर कुठंय. अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं." मी खूश! मग कुणीतरी वाटेतल्या करंजीच्या घाटाची आठवण काढली. सराव म्हणून मी आमच्या इमारतीचे जिने दहा वेळा चढलो आणि अकराव्या वेळेला मला दोघांनी धरून वर आणलं. मोहटा रद्द.

मग सिद्धटेक. श्रीगोंद्यावरून. तर म्हणे त्या वाटेला सावलीच नाही. रद्द. मग शिर्डी. पण तो हायवे! ट्रक अंगावरून जातात आणि गर्दीत आपल्याला कोण विचारतो? तेही रद्द.

शेवटी आदल्या दिवशी संध्याकाळी मी टाळी वाजवली. "मंदे, ठरलं! आतल्या रस्त्यानं वांबोरीकडं निघायचं. तिथं पोचल्यावर बघू, शिंगणापूर की शिर्डी. आणि गंमत बघ, मोबाईलच्या नकाशात वाटेवरच पिंपळगाव दिसतंय! म्हणजे कैलासच्या मामांचा मुक्कामही वाया जात नाही."

"कुठलं पिंपळगाव ते नीट विचारलंत का?"

"पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव! त्यात काय विचारायचं?"

लक्षात ठेवा हे वाक्य. मी तर मरेपर्यंत विसरणार नाही.

कैलासला फोन केला. म्हटलं, उद्या दुपारी मामांकडं पोचतो. तो म्हणाला, बिनधास्त जा. मी कुठल्या रस्त्यानं जाणार ते मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

सोबतीला पोपटराव. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना घेतलं ते रस्ते माहीत असतील म्हणून. आमची सावेडी संपायच्या आत पहिला फाटा आला. मी विचारलं, "डावीकडं की उजवीकडं?"

"ते मला काय ठाऊक? रस्ता ड्रायव्हर बघायचा. मी तिकिटं फाडायचो."

असे आम्ही दोघं! विचारत विचारत, चुकत माकत, साडेअकराला पिंपळगावात शिरलो. माझ्या दोन्ही टाचांना फोड. पोपटराव तर दर पारापाशी "थांबा आला" म्हणून बसत होते. टपरीवर एकाला विचारलं, "मामांचं घर कुठं हो? शाळेजवळचं, दारात कडुलिंब आहे ते."

तो माणूस चहाचा ग्लास ठेवून उभाच राहिला. "नगरचं पाहुणं व्हय?"

"हो, नगरहूनच."

"आवं, मग चला की! सकाळपासनं वाट बघत्यात तुमची!"

मला भरून आलं. कैलासनं काय निरोप दिला असेल, बघा!

शाळेजवळ घर. दारात कडुलिंब. शिवाय सडा-रांगोळी. ओट्यावर सतरंजी, त्यावर नव्या कोऱ्या खुर्च्या. कडक इस्त्रीची टोपी घातलेले एक साठीचे गृहस्थ लगबगीनं पुढं आले.

"या या, पाहुणं! आमी मामा. पन गाडी कुटंय तुमची?"

"गाडी कसली? चालत आलो."

"चालत? नगरपासनं?"

"हो. ठरवलंच होतं तसं. चालतच जायचं."

मामांनी मागं वळून आत आवाज दिला, "आगं, चालत आल्यात! लई साधी मानसं हायत!"

गरम पाणी आलं. एक तिशीतला, भांग नीट पाडलेला तरणा गडी ते घेऊन आला. हा मामांचा मुलगा, दत्ता. माझे फोड बघून तो खाली बसला, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि कसलंसं पिवळं मलम हलक्या हातानं लावायला लागला. मी म्हटलं, "अरे, नको नको!" तर म्हणाला, "असू द्या काका. तुमी आमच्या दारात आलाय." अहो, माझा सख्खा मुलगा होस्टेलवरून घरी आला की मला पाण्याचा तांब्या देताना मोबाईलमधून डोकं काढत नाही!

पोहे आले. चहा आला. मामांनी विचारलं, "मधी ज्यांनी सांगितलं, ते न्हाई आले?"

म्हणजे कैलास, असं मी समजलो. "त्याला सुट्टी नाही मिळाली. म्हणाला, तुम्हीच जाऊन या."

"बरं बरं. चला, मंग आदी घर बघून घ्या."

आता पाहुण्याला कुणी घर दाखवतं का? पण खेड्यातली माणसं, हौस असेल, म्हणून गेलो. गोठा दाखवला. सहा गाई. विहीर दाखवली. पोपटराव आत डोकावून म्हणाले, "पाणी पुरतं का उन्हाळ्यात?" मामा घाईघाईनं म्हणाले, "पुरतं पुरतं! औंदा बोअर बी घेनार हाय." नवा संडास दाखवला, त्याच्या फरशा दाखवल्या. माझी तपासायची सवय जाते कुठं? मी भिंतीवर टकटक केलं. "इथं ओल आहे हो."

मामांचा चेहरा पडला. "उद्याच काढतो ती!"

"अहो, राहू द्या. आम्ही काय इथं कायमचे राहणार आहोत?"

आत स्वयंपाकघरात ताटली पडल्याचा आवाज झाला.

मग पानं मांडली. पुरणपोळी, आमटी, कुरडया, भजी! पोपटराव माझ्या कानात म्हणाले, "नवस करावा तर तुमच्यासारखा." पहिली पोळी संपते न संपते तोच मामा समोर बसले. टोपी काढली, परत घातली, घसा साफ केला.

"मंग पाहुणं, तुमचा इचार काय?"

"विचारच तर पक्का होत नाही ना, मामा! दोन महिने झाले, डोक्यात तेच चाललंय. आधी पाथर्डीकडचं ठरलं होतं."

"आसं? मंग ते का सोडलं?"

"तिकडं चढ फार हो."

मामांनी मान हलवली. "व्हय, काही लोकं लई चढेल आसत्यात. मंग?"

"मग श्रीगोंद्याकडचं बघितलं. पण तिकडं सावली नाही. कुणाचा आधार नाही."

"पोरकं व्हय?" मामा हळहळले. "मंग?"

मला हा पोरका शब्द जरा चमत्कारिक वाटला. पण तोंडात पुरणपोळी होती. "मग शिर्डीचं. तिथं म्हणजे पैसेवाल्यांचं काम. आपल्याला कोण विचारतंय?"

"आनि आमचं?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"तुमचं काय, मामा... वाटेत पडलं म्हणून आलो. आजचा दिवस काढायचा, उद्या सकाळी वांबोरी. तिथलं बघितलं की मग काय ते ठरवायचं. चारच दिवस आहेत हातात, त्यात उरकायचंय."

आतून हुंदका ऐकू आला. अगदी स्पष्ट! मामा उठून आत गेले. मी पोपटरावांकडं बघितलं, त्यांनी चौथी पोळी वाढून घेतली होती.

दत्ता वाढायला आला आणि वाटी तशीच हातात धरून माझ्या शेजारी बसला.

"काका, एक बोलू का? मी दारू पीत न्हाई. तंबाकू बी न्हाई. दूध रोज डेरीला जातंय. पन शेतकरी म्हनलं की समदी फिरूनच जात्यात. तुमी नववं. आईनं पहाटं तीनला उठून सैपाक केलाय. न्हाई म्हनायचं आसंल तर म्हना, पन तिच्या म्होरं वांबोरीचं नाव नका काढू."

मी नववा? नववा कसला? वांबोरीनं यांचं काय घोडं मारलंय?  आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. कैलास!

"साहेब, कुठं आहात? मामा केव्हाचे वाट बघतायत."

"अरे, मामांकडंच जेवतोय!"

"साहेब, मामा माझ्या दुसऱ्या फोनवर आहेत. म्हणतात, कुणी आलंच नाही. तुम्ही पिंपळगाव लांडग्यातच आहात ना?"

"लांडगा? कसला लांडगा?"

मी दत्ताला विचारलं, "हे पिंपळगाव कुठलं रे?"

"माळवी."

फोनमध्ये कैलासनं कपाळावर हात मारलेला मला ऐकू आला. "साहेब, आपल्या एका नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आहे, उज्जैनी आहे, कौडा आहे, वाघा आहे, लांडगा आहे! मी सांगितलं ते पाथर्डीच्या वाटेवरचं! तुम्ही मोहट्याला निघाला होतात ना?"

आता आली का पंचाईत! अनोळखी माणसाच्या घरी, मांडी घालून, तिसऱ्या पुरणपोळीवर तूप घेऊन मी बसलेलो. पळावं म्हटलं तर टाचांना मलम. आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला.

एक जीप. त्यातून एक रुबाबदार गृहस्थ, दोन बायका आणि एक मुलगी उतरली. गृहस्थ तणतणतच आत आले.

"मामा, हे काय ऐकतोय आम्ही? टपरीवर सांगतायत की नगरचे पाहुणे आधीच येऊन बसलेत! मधले गृहस्थ आजारी पडले, आम्हाला रस्ता सापडायला उशीर झाला, तर तेवढ्यात तुम्ही दुसऱ्यांना बोलावलंत? एका दिवशी दोन स्थळं?"

मामा दारात उभे. एकदा त्यांच्याकडं बघतात, एकदा माझ्याकडं. मामी पदर तोंडाला लावून त्यांच्या मागं. आणि मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघून विचारलं, "मंग तुमी कोन?"

काय सांगणार? मी उष्ट्या हातानं उभा राहिलो. "मी... मी नवसाचा माणूस आहे."

मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऑपरेशन, व्हरांडा, पोस्टर, पाथर्डीचा चढ, श्रीगोंद्याचं ऊन, सगळं. सांगताना कान इतके तापले की त्यावर पापड भाजून निघाला असता.  मला वाटलं, आता मामा खुंटीवरची काठी काढणार. आणि त्यांनी काढली असती तर मी पाठ पुढं केली असती हो! त्या माउलीला मी रडवलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मुलगी! स्नेहल नाव तिचं, नगरच्या एका दवाखान्यात नर्स. हसता हसता ती माझ्या पायांकडं बघायला लागली.

"काका, फोडांना हे कुणी लावलं?"

"या दत्तानं."

ती खाली वाकली, वास घेतला आणि दत्ताकडं वळली. "हे गाईंचं मलम आहे ना?"

दत्ता लालबुंद. "व्हय. खुरांना लावतो आमी. घरात दुसरं नव्हतं."

"आणि हे तुमचे कोण?"

"कोनच न्हाई. पन मला काय ठावं? पाय सोलपटलं हुतं त्यांचं."

 तिनं वडिलांकडं असं बघितलं की ते गृहस्थ गुपचूप खुर्चीत बसले. मला वाटतं, लग्न तिथंच ठरलं. बाकी सगळं नंतर रीतीप्रमाणं झालं.

मी म्हटलं, "मामा, आम्ही निघतो. माफ करा."

"बसा खाली!" मामा ओरडले. "देवाच्या वाटंचा मानूस आर्ध्या ताटावरनं उटवायचा व्हय? आगं, पाहुन्यांना वाढ. ह्यांना बी आनि त्यांना बी!"

मामींनी डोळे पुसले आणि मला आणखी एक पोळी वाढली. जरा जोरातच वाढली, पण वाढली.

आता खरं म्हणजे जेवून, विसावा घेऊन पुढं जायला हवं होतं. पण टाचा टेकवेनात. मनातल्या मनात पुन्हा सुरू, पुढं जावं की मागं, आज की उद्या, शिंगणापूर की शिर्डी? माझं काही ठरायच्या आत पाहुण्यांची जीप नगरला निघाली. बघतो तर पोपटराव ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेले. "चला, मागं दोन जागा आहेत!"

बसलो. काय करता? चार दिवसांची यात्रा दिवस मावळायच्या आत आटोपली.

जिना चढताना वाटलं, मंदा बिचारी एकटी बसली असेल, मला बघून किती आनंद होईल तिला! दार लोटलं. आत मंदा आणि तिची बहीण. मंदाचे पाय टीपॉयवर, हातात चिवड्याची वाटी, समोर टीव्हीवर सिनेमा. भिंतीवरचा नकाशा गायब! घरात अशी शांतता मी लग्नानंतर कधी बघितली नव्हती.

मला बघून तिच्या हातातला चिवडा सांडला.

"आलात? आजच?"

"अगं, काय झालं सांगू..."

"काही सांगू नका! अहो, ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला चार दिवस पूर्ण विश्रांती सांगितली होती. दोन महिन्यांनी आज सकाळी कुठं ती सुरू झाली होती!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच मला हलवून उठवलं. डबा भरलेला, बॅग दारात, बुटांच्या नाड्यासुद्धा सोडून ठेवलेल्या.

मी डोळे चोळत विचारलं, "पण मंदे, जाऊ कुठल्या देवाला?"

"कुठल्याही जा," मंदानं दार उघडून धरलं. "पण लांबच्या."